घरं वाढावीत असं वाटत असेल तर नगरसेवक कसा निवडायचा? ठाणे आणि नवी मुंबईसाठी सविस्तर उत्तर

प्रश्न असा आला आहे: "ठाण्यात भाड्याने राहतो. घर घेणं आवाक्याबाहेर गेलंय. प्रभागातला प्रत्येक उमेदवार 'पुनर्विकास मार्गी लावू' म्हणतो. जास्त घरं व्हावीत, ती अधिकृत असावीत आणि त्यातली काही परवडावीत, असं खरोखर वाटणारा उमेदवार ओळखायचा कसा? बहीण कोपरखैरण्यात राहते, तिलाही हेच हवंय."

उत्तर लांब आहे, कारण आधी नगरसेवकाच्या हातात नेमकं काय असतं ते कळल्याशिवाय उमेदवार जोखता येत नाही. बहुतेक मतदार इथेच फसतात. जे नगरसेवकाच्या हातात नाही त्याचं आश्वासन ऐकून मत देतात, आणि जे हातात आहे त्याबद्दल त्याला कुणी विचारतच नाही.

इमारतीचा नकाशा नगरसेवक मंजूर करत नाही. तो अधिकार आयुक्तांचा. ठाण्यात काम शहर विकास विभागातून चालतं, नवी मुंबईत नगररचना विभागातून. एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल ते प्रमाण, किती मिळणार हेही महापालिका ठरवत नाही. डिसेंबर २०२० पासून दोन्ही शहरांना राज्य सरकारची एकत्रीकृत नियमावली, म्हणजे बोलीत 'यूडीसीपीआर', लागू आहे आणि तिच्यात बदल मंत्रालयातून होतात. त्यामुळे "निवडून द्या, एफएसआय वाढवून आणतो" असं म्हणणारा एकतर अडाणी आहे किंवा तुम्हाला अडाणी समजतो. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या योजना झोपु प्राधिकरणाकडे. दिघा-तुर्भे पट्ट्यातल्या एमआयडीसीच्या जमिनीवर नियोजन प्राधिकरण एमआयडीसीच. सिडकोच्या घरांची किंमत सिडकोचं संचालक मंडळ ठरवतं. हे सगळं बाजूला काढलं की उरतं ते कमी वाटेल, पण घरं अडतात किंवा सुटतात ती बरीचशी तिथेच.

पहिली गोष्ट रस्त्याची रुंदी. नौपाडा, पाचपाखाडी, जुन्या ठाण्यातल्या गल्ल्या इथे पुनर्विकास अडण्याचं एक मोठं कारण रस्ता हेच आहे. नियमावलीनुसार ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावरच्या भूखंडाला मूळ १.१ एफएसआय मिळतो. वर प्रीमियम भरून घ्यायचा किंवा टीडीआर (दुसऱ्या जागेवरून विकत आणलेला बांधकामाचा हक्क) आणून चढवायचा एफएसआय शून्य. रस्ता ९ ते १२ मीटरच्या टप्प्यात आला की ०.५ प्रीमियम आणि ०.४ टीडीआर धरून मर्यादा २.० वर जाते. पुढे रुंदीप्रमाणे वाढत ३० मीटर किंवा जास्त रुंद रस्त्यावर ती ३.० होते. यावर निवासी बांधकामाला प्रीमियम भरून ६० टक्के अनुषंगिक एफएसआय (बाल्कनी, जिना, लॉबी यांच्यापोटीचा) वेगळा.

हिशेब करून बघा. ६०० चौरस मीटरचा भूखंड, त्यावरच्या जुन्या इमारतीत सोळा कुटुंबं, समोर साडेसात मीटरची गल्ली. १.१ प्रमाणे ६६० चौ.मी., अनुषंगिक धरून १०५६. तीच गल्ली ९ मीटरची झाली की २.० प्रमाणे १२००, अनुषंगिक धरून १९२०. (जुन्या इमारतीच्या पुनर्विकासाला मिळणारा प्रोत्साहन एफएसआय आणि रुंदीकरणात गेलेली जागा या हिशेबात धरलेली नाही.) त्या सोळा कुटुंबांना परत घरं देऊन झाल्यावर विक्रीला काय उरतं, यावर विकासक येणार की नाही हे ठरतं. १०५६ मध्ये बहुधा काहीच उरत नाही. म्हणून निविदा मागवूनही कुणी फिरकत नाही, सोसायटी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करत बसते आणि दोष मात्र कमिटीला मिळतो.

आता नगरसेवकाचा संबंध. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली रस्त्याची नियमित रेषा, म्हणजे रस्त्याची हद्द कुठवर धरायची ती, ठरवता येते आणि ती बदलायची तर महासभेची, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेची, मंजुरी लागते. म्हणजे हा विषय नगरसेवकाच्या खऱ्याखुऱ्या अखत्यारीतला. पण रेषा सरकली की दोन्ही बाजूंच्या कंपाउंड वॉल, तळमजल्यावरची दुकानं, कुणाचा ओटा, कुणाचं झाड यावर गदा येते. मोबदला टीडीआर किंवा एफएसआयच्या रूपात मिळतो, पण तो इमारत पुन्हा बांधायला काढल्यावर. दुकानदाराचं नुकसान आजचं असतं. हे लोक घरोघर जाऊन पटवावे लागतात आणि त्यात मतं जातात. म्हणून उमेदवाराला पहिला प्रश्न हा विचारा: "आमच्या प्रभागातले ९ मीटरपेक्षा अरुंद रस्ते कोणते, आणि त्यातल्या कोणत्या रस्त्याची रेषा तुम्ही महासभेत आणणार?" ज्याला दोन गल्ल्यांची नावं सांगता येतात आणि कुठल्या दुकानांशी बोलावं लागेल हे माहीत असतं, त्याने अभ्यास केलेला आहे. "सगळेच रस्ते रुंद करू" हे उत्तर म्हणजे एकही होणार नाही.

दुसरी गोष्ट विकास आराखडा, म्हणजे शहरातली कुठली जमीन कशासाठी वापरायची ते ठरवणारा नकाशा. नवी मुंबई महापालिकेने स्वतःचा प्रारूप आराखडा २०२२ मध्ये प्रसिद्ध केला, त्याआधी शहर सिडकोच्या नियोजनावर चाललं. ठाण्याचा सुधारित प्रारूप आराखडा २०२४ मध्ये आला. अशा वेळी एमआरटीपी, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याच्या कलम २६ खाली हरकती-सूचना मागवतात आणि कलम २८ खालच्या नियोजन समितीपुढे सुनावणी होते. त्या समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरचे तज्ज्ञ असतात. आराखडा मंजूर झाल्यावरही कलम ३७ खाली एखाद्या आरक्षणात किंवा झोनमध्ये फेरबदल करता येतो. महासभेचा ठराव, महिनाभराची हरकतींची मुदत आणि मग राज्य सरकारची मान्यता, असा त्याचा मार्ग.

इथे उमेदवाराचा माग काढता येतो, कारण सगळं कागदावर असतं. प्रारूप आराखड्यावर त्याने हरकत घेतली होती का, कशावर घेतली, घरांसाठी राखलेल्या जागेबद्दल काही म्हटलं का, की फक्त स्वतःच्या नातेवाइकांच्या सर्व्हे नंबरवरचं आरक्षण उठवायला अर्ज केला होता? बेघर किंवा प्रकल्पबाधितांच्या घरांसाठीची आरक्षणं आराखड्यात असतात. ती वर्षानुवर्षं संपादित होत नाहीत, मग जमीनमालक कलम १२७ ची नोटीस देतो. आराखडा लागू होऊन १० वर्षं झाली आणि नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत, की आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. नोटीस येते, फाइल फिरते, मुदत संपते. या काळात अंदाजपत्रकात संपादनाची तरतूद मागणारा नगरसेवक आणि गप्प बसणारा नगरसेवक यांत फार मोठा फरक आहे, पण तो बॅनरवर दिसत नाही.

एक सावधगिरी. कलम ३७ चा ठराव आणला म्हणजे माणूस घरांच्या बाजूचा, असं समजू नका. खेळाच्या मैदानाचं किंवा शाळेचं आरक्षण हटवून निवासी झोन करण्याचे ठरावही याच वाटेने येतात. दहा हजार लोकवस्ती वाढवायची आणि तिच्यासाठीचं मैदान, शाळा, दवाखाना काढून टाकायचा, हा घरांना पाठिंबा नाही. पुढचा प्रकल्प आला की लोक जीव तोडून विरोध करतात ते याच अनुभवामुळे.

तिसरी गोष्ट पाणी, आणि ठाण्यात ही सगळ्यांत जिवंत. घोडबंदर रस्त्याच्या नव्या संकुलांना पाणी पुरत नाही म्हणून प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि २०१७ मध्ये न्यायालयाने त्या पट्ट्यातल्या नव्या बांधकामांच्या परवानग्यांवरच बंधन घातलं. घरं बांधून तयार, पण पाणी नाही म्हणून अडून बसायची वेळ येते ती अशी. ठाण्याला पाणी एका ठिकाणाहून येत नाही: महापालिकेची स्वतःची योजना, स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका अशा चार वाटा आहेत. नवी मुंबईला मोरबे धरण स्वतःच्या मालकीचं असल्याने तिची बाजू बरी, तरी एमआयडीसी पट्ट्यातल्या वस्त्यांना विचारा म्हणजे 'बरी' म्हणजे काय ते कळेल.

प्रस्तावित काळू किंवा शाई धरणाचं आश्वासन नगरसेवक पदाच्या उमेदवाराने दिलं तर ते ऐकून सोडून द्या, त्याच्या पाच वर्षांत त्याच्या हातून ते होणारं नाही. त्याने बोलायला हवं ते प्रभागातल्या जलकुंभाबद्दल, मुख्य जलवाहिनीच्या व्यासाबद्दल, मलवाहिनी कुठपर्यंत आली आहे त्याबद्दल. ही कामं अंदाजपत्रकातून होतात, निविदा १६ सदस्यांच्या स्थायी समितीपुढे येतात, आणि नगरसेवक तिथे खरंच काही करू शकतो. "नव्या इमारतींना पाणी कुठून देणार?" असं त्याला विचारा. "नव्या इमारतीच नकोत" हे उत्तर आलं तर तो तुमचा उमेदवार नाही. "टँकर आहेत ना" असं आलं तर तो टँकरवाल्याचा उमेदवार आहे.

वृक्ष प्राधिकरणाचा उल्लेख कमी होतो. १९७५ च्या कायद्याखाली आयुक्तांच्या अध्यक्षतेखालच्या या प्राधिकरणावर नगरसेवकही असतात आणि झाडं तोडण्याचे, हलवण्याचे प्रस्ताव तिथे येतात. झाडांची काळजी घेणारा सदस्य पुनर्रोपण कुठे केलं, जगलं का, हे विचारतो. दुसऱ्या प्रकारचा सदस्य विषय दरवेळी 'पुढील सभेपर्यंत तहकूब' ठेवतो, आणि का ठेवतो ते विकासकाला बरोबर कळतं.

आता कागद कुठे मिळतात ते. इतिवृत्त हा तुमचा मुख्य दस्तऐवज. महासभेच्या प्रत्येक सभेची विषयपत्रिका निघते, प्रशासनाच्या प्रस्तावाला गोषवारा जोडलेला असतो आणि सभेनंतर इतिवृत्त तयार होतं. प्रत्येक ठरावाखाली सूचक आणि अनुमोदक यांची नावं असतात. विरोध नोंदवला असेल तर तोही. कोण काय बोललं याचा सारांश असतो, कधी तो अगदी त्रोटक, पण सूचक-अनुमोदकाचं नाव लपत नाही. संकेतस्थळावर शोधा, तिथे नसेल तर सचिव विभागाकडे माहिती अधिकारात मागा. शोधताना आपल्या प्रभागातली ठिकाणांची नावं, सर्व्हे नंबर, 'फेरबदल', 'रस्ता रेषा', 'आरक्षण' हे शब्द बघा. ठराव दिसला की पुढे त्याचं काय झालं तेही तपासा. महासभेचा ठराव महापालिका अधिनियमाच्या कलम ४५१ खाली राज्य सरकार विखंडित, म्हणजे रद्द, करू शकतं. उमेदवार "मी ठराव केला होता" म्हणतो ते खरं असतं, आणि तो ठराव विखंडित झालेला असतो, हेही खरं असतं.

तारखा मात्र नीट पाहा. नवी मुंबईत २०१५ नंतर आणि ठाण्यात २०१७ नंतर महापालिकेचं मतदान थेट १५ जानेवारी २०२६ ला झालं. नवी मुंबईत २०२० पासून आणि ठाण्यात मार्च २०२२ पासून प्रशासक होते, महासभेचे अधिकारही त्यांच्याकडेच. त्या काळात कुणी नगरसेवक नव्हताच. तेव्हा "२०२३ मध्ये मी मंजूर करून आणलं" असं पत्रकावर छापणाऱ्याला एकच विचारा: कुठल्या सभेत? पत्रं लिहिली असतील, निवेदनं दिली असतील, त्यांच्या आवक क्रमांकाच्या प्रती तो दाखवू शकतो. सध्याच्या सभागृहाची इतिवृत्तं आता तयार होत आहेत. पुढच्या निवडणुकीचा अभ्यास त्यातूनच होणार, म्हणून दर तीन-चार महिन्यांनी ती मिळवत राहणं सोपं पडतं. शेवटच्या पंधरवड्यात पाच वर्षांचे कागद वाचून होत नाहीत.

माहिती अधिकाराचा अर्ज महाराष्ट्रात १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयाचा असावा लागतो, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. "असं का केलं" असं विचारू नका, त्याला "माहिती या व्याख्येत बसत नाही" असं छापील उत्तर येतं. प्रती मागा. परवडणाऱ्या घरांसाठी हा मजकूर जसाच्या तसा वापरता येईल:

"विषय: ४००० चौ.मी. व त्याहून मोठ्या भूखंडांवरील सर्वसमावेशक गृहनिर्माण. कालावधी: १ जानेवारी २०२१ ते अर्जाच्या दिनांकापर्यंत. अमुक प्रभाग समितीच्या हद्दीत अशा ज्या प्रकल्पांना बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र दिले त्यांची यादी, प्रत्येक प्रकल्पात मंजूर झालेल्या अत्यल्प व अल्प उत्पन्न गटाच्या सदनिकांची संख्या, आणि त्याबाबत म्हाडाला पाठवलेल्या पत्रांच्या प्रती द्याव्यात."

याची पार्श्वभूमी अशी. दहा लाखांवर लोकसंख्या असलेल्या महापालिकांमध्ये ४००० चौ.मी. किंवा मोठ्या भूखंडावर प्रकल्प करताना मूळ एफएसआयच्या २० टक्के इतकं बांधकाम ३० ते ५० चौ.मी. च्या लहान घरांसाठी ठेवावं लागतं आणि ती घरं म्हाडाच्या सोडतीतून जातात. ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही यात येतात, कोकण मंडळाच्या सोडतीत '२० टक्के योजना' म्हणून दिसतात ती हीच. पळवाट म्हणजे भूखंडाचे तुकडे दाखवून ४००० च्या खाली राहणं. नाशिकमध्ये हा प्रकार चांगलाच गाजला. तुमच्याकडे लागून असलेल्या दोन भूखंडांवर एकाच समूहाचे ३९०० चौ.मी. चे दोन प्रकल्प दिसले तर प्रश्न विचारायला जागा आहे. महासभेत प्रश्नोत्तरात किंवा लक्षवेधीत हे विचारणं नगरसेवकाला सहज शक्य असतं. किती जणांनी विचारलं ते इतिवृत्तात बघा. यादी फार मोठी निघणार नाही.

दुसरा कागद म्हणजे शपथपत्र. उमेदवारी अर्जासोबत मालमत्ता, देणी, गुन्हे, शिक्षण आणि उत्पन्नाचं साधन यांचं शपथपत्र द्यावं लागतं आणि ते जाहीर होतं. वाचताना एकूण रकमेवर थांबू नका. पती-पत्नीच्या नावावरच्या जमिनींचे सर्व्हे नंबर, भागीदारी संस्थांची नावं आणि कुणाला दिलेलं-घेतलेलं बिनव्याजी कर्ज या तीन जागा महत्त्वाच्या. संस्थेचं नाव महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर टाका. प्रकल्पाच्या पानावर प्रवर्तक आणि भागीदारांची नावं असतात. सर्व्हे नंबर विकास आराखड्याच्या नकाशावर लावून बघा, त्यावर आरक्षण आहे का. बांधकाम व्यवसायात असणं हा गुन्हा नाही, या दोन शहरांत तर तो अर्ध्या राजकारणाचा पोटापाण्याचा धंदा आहे. पण ज्याचा स्वतःचा प्रकल्प प्रभागात सुरू आहे तो स्पर्धकाच्या प्रकल्पाविरुद्ध अचानक पर्यावरणप्रेमी होतो, हे लक्षात ठेवलेलं बरं.

अनधिकृत बांधकामाचं वेगळं बोलायला हवं, कारण 'गरिबाला घर' या नावाखाली सगळ्यांत जास्त मतं तिथेच मागितली जातात. ४ एप्रिल २०१३ ला शिळफाट्याच्या लकी कंपाउंडमधली सात मजली अनधिकृत इमारत कोसळली आणि ७४ माणसं गेली. त्या प्रकरणात अटक झालेल्यांत महापालिकेचे अधिकारी होते आणि नगरसेवकही होता. दिघ्यातल्या ९९ इमारतींचं प्रकरण २०१५ मध्ये उच्च न्यायालयात उभं राहिलं तेव्हा घरं घेतलेली कुटुंबं रस्त्यावर आली. बांधणारे आधीच निघून गेले होते. २०२५ मध्ये शीळ भागात पुन्हा तेच, न्यायालयाच्या आदेशाने पाडकाम. अशा घराला ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) नसते, राष्ट्रीयीकृत बँक कर्ज देत नाही, पुनर्विकासाच्या वेळी हक्क सिद्ध करता येत नाही. संख्या वाढते, घर मिळत नाही.

कायदा इथे कडक आहे, फक्त वापरला जात नाही. महापालिका अधिनियमाच्या कलम १०(१ड) नुसार नगरसेवकाने स्वतः, जोडीदाराने किंवा अवलंबितांनी अनधिकृत बांधकाम केलं, त्यासाठी पदाचा वापर करून मदत केली, किंवा पाडायला आलेल्या अधिकाऱ्याला लेखी पत्र देऊन वा प्रत्यक्ष उभं राहून अडवलं, तर तो अपात्र ठरतो. म्हणून अतिक्रमण विभागाला उमेदवाराने लिहिलेली पत्रं माहिती अधिकारात मागा. "सदर बांधकामावर पावसाळ्यापर्यंत कारवाई करू नये, ही विनंती" असं लेटरहेडवरचं एक पत्र पुरेसं बोलकं असतं. आणि "सरसकट नियमित करून देऊ" हे ऐकलं की विचारा, कुठल्या तरतुदीने? एमआरटीपीच्या कलम ५२ अ ची योजना राज्याची आहे, ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतच्या बांधकामांपुरती आहे आणि तीही अटींवर. महासभेला सरसकट काही करता येत नाही.

उलट टोकाचा उमेदवारही तितकाच नुकसानीचा. "आमच्या प्रभागात एकही टॉवर होऊ देणार नाही" याला हिरानंदानी-वसंत विहारकडे टाळ्या पडतात. पण जे इथे होत नाही ते दिवा-शीळकडे सरकतं, पुष्कळदा ओसीशिवाय. विरोध करणाऱ्यांच्या तक्रारी खोट्या नसतात: पहाटे दोनला तयार काँक्रीटचे (आरएमसी) मिक्सर, धूळ, डंपर, उन्हाळ्यात आटणारं पाणी. चांगला नगरसेवक अशा वेळी अटी घालायला लावतो. कामाच्या वेळा, हिरवं कापड, पाण्याची फवारणी, डंपरचा मार्ग आणि रस्त्याच्या दुरुस्तीची अनामत. वाईट नगरसेवक 'काम बंद'चं पत्र देतो आणि ते पत्र काही आठवड्यांनी आपोआप विसरतो. ही दोन प्रकारची पत्रव्यवहाराची सवय जुन्या फायलीत स्पष्ट दिसते.

याच्याशी जोडून धोकादायक इमारती. पावसाळ्यापूर्वी यादी निघते, सी-१ म्हणजे अतिधोकादायक, राहती इमारत रिकामी करायची. नोटीस महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली येते. ३० वर्षांहून जुन्या इमारतीला कलम २६५ अ नुसार संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. रहिवाशांना भीती एकच: बाहेर पडलो की हक्क गेला. म्हणून इमारत पाडण्यापूर्वी प्रत्येक भाडेकरूचं आणि सदनिकाधारकाचं क्षेत्र मोजून महापालिकेकडून लेखी घेणं हे पहिलं काम. नगरसेवक इथे उभा राहिला, मोजणी करून घेतली, संक्रमण घरं मिळवून दिली, तर लोक स्वतःहून बाहेर पडतात आणि पुनर्विकास सुरू होतो. "मी आहे तोवर नोटीस फाडून टाका" म्हणणारा दर जूनमध्ये लोकप्रिय असतो. पुढचं त्या इमारतीच्या पिलरवर अवलंबून.

सोसायटीच्या पुनर्विकासात त्याचं स्थान त्याहून लहान. सहकार कायद्याच्या ७९ (अ) खालचा ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय विशेष सभेला दोन तृतीयांश गणपूर्ती आणि ५१ टक्के सभासदांची संमती मागतो. विकासक सभासद निवडतात. त्या सभेला उमेदवार 'मार्गदर्शनाला' आला आणि सोबत एक विकासकही घेऊन आला, तर चहा पाजा आणि मत दुसऱ्याला द्या. मानीव अभिहस्तांतरणाचं (बिल्डरने करून न दिलेली जमिनीची मालकी सोसायटीच्या नावावर करून घेण्याचं) शिबिर भरवणारा, स्वयंपुनर्विकासाच्या १३ सप्टेंबर २०१९ च्या निर्णयातल्या सवलती सोसायट्यांना समजावून सांगणारा माणूस जास्त उपयोगाचा. ठाण्यात क्लस्टरचं, म्हणजे पूर्ण परिसराच्या एकत्र पुनर्विकासाचं, आश्वासन मिळतं तेव्हा विचारायचं ते इतकंच: आमचा भाग कुठल्या नागरी पुनरुत्थान आराखड्यात येतो, बायोमेट्रिक सर्वेक्षण झालं का, आणि तोवर आमच्या इमारतीला स्वतंत्र पुनर्विकास करू देणार की अडवून ठेवणार? या तिसऱ्या प्रश्नावर पुष्कळांची बोबडी वळते.

बहिणीसाठी. नवी मुंबईत जमीन बहुतांशी सिडकोची, घरं ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. त्यामुळे वाशी-नेरुळ-कोपरखैरण्यातल्या सिडकोनिर्मित इमारतींच्या पुनर्विकासाला सिडकोची ना-हरकत आणि महापालिकेची बांधकाम परवानगी अशा दोन दारांतून जावं लागतं. मोकळ्या भूखंडांवरूनही दोघांत ओढाताण आहे: महापालिका आराखड्यात मैदान, मंडई, शाळा म्हणून आरक्षण दाखवते आणि सिडको तो भूखंड विकायला काढते. उमेदवाराने सिडकोला शिव्या देऊन भागत नाही. "आमच्या वसाहतीची ना-हरकत कुठल्या टेबलावर अडली आहे, हस्तांतरण शुल्क की भाडेपट्ट्याची अट?" हे त्याला सांगता आलं पाहिजे. सिडकोच्या घरांच्या किमती कमी करून देण्याची भाषा ऑक्टोबर २०२४ च्या २६ हजार घरांच्या योजनेनंतर सर्वच पक्षांत आली. मागणी रास्त आहे, पण निर्णय सिडको आणि नगरविकास खात्याचा, तिथे आमदाराला धरा.

गावठाणांचा प्रश्न नाजूक आहे. प्रकल्पग्रस्तांनी कुटुंब वाढलं म्हणून गरजेपोटी बांधलेलं घर वेगळं, आणि त्याच जागेवर बाहेरच्या भांडवलाने उठवलेली, खोल्या विकायला काढलेली सहा मजली इमारत वेगळी. गावातला उमेदवार या दोन्हींना एकाच वाक्यात गुंडाळत असेल तर तो भूमिपुत्रांची ढाल करून दुसऱ्या कुणाचा धंदा वाचवतोय. खाडीकाठच्या पाणथळ जागा, सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र), पारसिकचे उतार, येऊरच्या बाजूचं संवेदनशील क्षेत्र इथल्या प्रकल्पांना पाठिंबा देणाऱ्यालाही घरांच्या बाजूचा धरू नका. ते प्रकल्प न्यायालयात अडकून पडतात आणि बुकिंगचे पैसे भरलेला माणूस हप्ता आणि भाडं दोन्ही भरतो.

मतदानाच्या दिवशीचं थोडं. दोन्ही शहरांत आता बहुसदस्यीय प्रभाग आहेत: ठाण्यात ३३ प्रभागांत १३१ जागा, नवी मुंबईत २८ प्रभागांत १११, म्हणजे बहुतेक ठिकाणी चार. अ, ब, क, ड या प्रत्येक जागेसाठी तुमचं वेगळं मत असतं आणि चारही एकाच पॅनेलला द्यायचं बंधन नाही. पॅनेलमध्ये एखादा अभ्यासू चेहरा पुढे ठेवून त्याच्या आडून दुसऱ्याला निवडून आणायची पद्धत आहे, म्हणून चारही शपथपत्रं वाचा. एखाद्या जागेवर कुणीच पसंत नसेल तर तिथे 'वरीलपैकी एकही नाही' दाबा, बाकीच्या जागा सोडू नका. चौघांनी प्रभाग आपापसांत वाटून घेतलेला असतो, "ते माझ्याकडे येत नाही" हे उत्तर मग पाच वर्षं ऐकावं लागतं. तुमच्या गल्लीचा रस्ता आणि जलवाहिनी कोण बघणार ते मतदानाआधी चौघांसमोर वदवून घ्या, जमल्यास सोसायटीच्या लेटरहेडवर लिहून सही घ्या.

आणि तुम्ही भाड्याने राहता, म्हणून तुमचं नाव यादीत कुठे आहे ते आजच बघा. महापालिकेसाठी वेगळी मतदार नोंदणी होत नाही, विधानसभेचीच यादी ठरावीक तारखेला घेऊन प्रभागनिहाय फोडतात. त्या तारखेनंतर नाव घालता येत नाही. घर बदललं की नमुना ८ भरून पत्ता बदलावा लागतो, आणि भाडेकरूंपैकी फार थोडे तो भरतात. प्रभागात ज्यांची स्वतःची घरं आहेत त्यांची नावं यादीत पक्की असतात, ज्यांना घर हवंय त्यांची जुन्या पत्त्यावर डोंबिवलीत किंवा गावाकडे. उमेदवार यादी बघूनच ठरवतो कुणाच्या दारात उभं राहायचं. भाडेकरार नोंदणीकृत असेल तर पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो, घरमालकाच्या संमतिपत्राची वेगळी गरज पडत नाही.